पाऊण अन् पाऊण

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. माझी कुरकुर मनावर घेऊ नका, माझा स्वभावच तसा आहे. कारखान्यातून मी थेट या शाळेत आले. तेव्हा काय थाट होता माझा! शिवणाच्या तासाला माझ्यासमोर मुलींची रांग लागायची. पुढे शिवणाचा तासच बंद झाला आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. बारा वर्षं मी तिथे धूळ खात पडले. फार वाईट वाटायचं हो.

मग गणिताच्या नव्या बाई आल्या. त्यांच्या सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. तास चालू असताना ती सारखी बाहेर बघायची, म्हणून सगळे तिला 'खिडकी' म्हणायचे. गणितात ती दोनदा नापास झाली होती. अपूर्णांक दिसले की ती वहीच मिटून टाकायची. आता नापास झालीस तर शाळा बंद, असं वडिलांनी बजावलं होतं.

बाई रागावल्या नाहीत. बाहेर एवढं काय बघतेस, असं त्यांनी तिला जवळ बसवून विचारलं. समोरच्या दुकानात टेलरकाका कापड कसं बेततात ते बघते, असं ती घाबरत म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी मला वर्गात आणवलं, तेल घातलं, पट्टा बदलला. खिडकीला त्यांनी आपल्या वहीसाठी नऊ इंच रुंद पिशवी शिवायला सांगितली. पोरीने नऊ-नऊ इंचांचे दोन तुकडे कापले आणि खटाखट शिवून टाकले. बाईंची वही काही पिशवीत जाईना! वर्ग हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

खिडकीने टाके उसवले, पट्टीने मोजलं.

"बाई, शिलाईत दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच गेलं. म्हणजे दीड. साडेदहा कापायला हवं होतं."

"यालाच अपूर्णांकांची बेरीज म्हणतात," बाई म्हणाल्या.

"ही? ही तर मला येते."

मग काय, आमच्याही आवडीचं घ्या म्हणून सगळेच बाईंच्या मागे लागले. सायकलवेडा चाकावरून वर्तुळ शिकला, कबुतरं पाळणारा दाण्यांवरून गुणोत्तर. वर्गात गोंगाट वाढला, पण कुणी पेंगत नव्हतं.

वार्षिक परीक्षेनंतर खिडकीचे वडील शाळेत आले. मला धडकीच भरली. त्यांनी गुणपत्रिका दोनदा वाचली. गणितात बावन्न! ते बाईंना म्हणाले, "सातवीची पुस्तकं कुठे मिळतील?"

मित्रांनो, तुम्हाला काय आवडतं हे कुणी विचारलं नाही, तर वाट बघत बसू नका. स्वतःहून सांगा. मला बोलता येत नव्हतं, म्हणून माझी बारा वर्षं फुकट गेली. तुम्हाला तर बोलता येतं.