दोरीच्या आतला पाट

मित्रांनो, जरा खाली वाका. त्या दोरीच्या आत बघा. हां, मीच बोलतोय! मी एक जुना सागवानी पाट आहे. मला तेल चोपडून चकचकीत केलंय आणि शेजारी पाटी ठोकलीय, 'बसू नये'. आता सांगा, पाटावर बसायचं नाही, तर काय त्याला ओवाळायचं?

सिल्वासाहून किलवणीला जाताना हे कौलारू घर लागतं. इथं पूर्वी वाटपाहे पंथाची माणसं राहत. ती लग्न करत नसत, मिळून शेती करत. दुपारी पानं वाढली की एक जण रस्त्यावर जाऊन हाक मारी, "कुणी उपाशी आहे का?" जो येई तो माझ्यावर बसे. त्यानं पहिला घास घेतला की मगच पंगत जेवे. पंथातलं कुणी माझ्यावर कधीच बसलं नाही. केवढा माझा मान होता!

गलोंड्याकडे कारखाने आले, तेव्हा तर खानदेशातून कामाच्या शोधात आलेल्यांची रोज रीघ असे. पण पंथातली माणसं एकेक करून गेली. सदाशिवबापू तेवढे उरले. घराचं संग्रहालय झालं, बापू राखणदार झाले आणि मी दोरीत अडकलो. नेम मात्र बापूंनी सोडला नाही. दुपारी ते दारात उभे राहून हाक मारत. येईल त्याला ओट्यावर बसवून आपल्या डब्यातलं देत. पुढे पुढे कुणी थांबेना. लोक स्कूटरवरून भुर्रकन निघून जात आणि बापूंचा डबा न उघडताच परत जाई. ते वाळत चालले होते. माझा जीव तुटायचा हो, पण पाटानं हाक तरी कशी मारावी?

एका रविवारी, भरदुपारी, कारखान्यात काम करणारी चिमाबाई लेकीला, गुड्डीला, घेऊन संग्रहालय बघायला आली. मला बघताच ती ओरडली, "अगं बाई! याच पाटावर मी जेवेल आहे! नवीन आलो होतो, गावात कुणी ओळखीचं नव्हतं." मग बापूंकडे वळून म्हणाली, "किती खराब झाले हो बापू! जेवले का?"

"आधी तुम्ही दोघी जेवा."

"आम्ही तर खाऊन आलो."

"मग राहू दे. उपाशी माणसाच्या आधी आम्ही घास घेत नाही."

"आणि इथं उपाशी कोण आहे? तुम्हीच ना!" चिमाबाईनं सरळ दोरी सोडली.

"अहो, साहेब रागावतील! आणि आम्ही नाही बसत त्यावर."

"बसा म्हणते ना!"

गुड्डीनं डबा उघडला. "आजोबा, बसा ना, मी वाढते."

बापू बसले. अरे देवा, किती हलके झाले होते! मला रडूच आलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि सवयीनं मान वर करून म्हणाले, "आता तुम्ही घ्या." पोट भरलेल्या त्या दोघींनी भाकरीचा तुकडा मोडून घेतला.

पाटी अजून आहे, मित्रांनो. तेल लावून मला जपतात, त्याबद्दल आभार. पण दुपारी आलात आणि भूक लागली असेल, तर बापूंना सांगा. दोरीची गाठ ते आता सैलच बांधतात.