माझ्या उबेखाली दडलेलं दुखणं

मित्रांनो, मी एक जुनी रबरी पिशवी आहे. गरम पाणी भरून दुखऱ्या जागी ठेवतात ना, तीच. रंग मूळचा लाल, आता विटकरी. बूच सैल झाल्यामुळे मी थेंब थेंब गळते आणि त्याबद्दल रोज बोलणी खाते. स्वभावही तापट झाला आहे. जन्मभर कढत पाणी पोटात घेतल्यावर दुसरे काय होणार?

कारखान्यातून निघाले तेव्हा माझी ऐट काही वेगळीच होती. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मला या घरात आणले. घरात सासूबाई, त्यांचे दोन मुलगे आणि थोरली सून. सून पुढच्या खोलीत बसून लोकांचे कपडे शिवते. माझे अंगडेही तिनेच शिवले, आपल्या जुन्या ड्रेसच्या एका बाहीतून. बाही पुरून उरली. तेव्हा ती चांगलीच जाड होती आणि धाकटा दीर तिला ते विसरू देत नसे. "वहिनी, जिना जपून उतरा, घर भाड्याचं आहे!" सगळे हसायचे. तीही हसायची आणि मग शिलाई मशीन उगाच जोरात चालवायची.

वजनापायी तिची साखर वाढली, दम लागू लागला. डॉक्टरांच्याच सल्ल्याने तिने वजन कमी करण्याचे ऑपरेशन करून घेतले. त्यांनी जठर लहान केले आणि आतडे नव्या वाटेने जोडले. यात लाजण्यासारखे काय होते, सांगा! पण घरी सांगितले, 'बहिणीकडे राहायला जाते.' खरे फक्त बहिणीला आणि नवऱ्याला ठाऊक. "कळलं तर म्हणतील, आयती बारीक झाली," असे ती नवऱ्याला म्हणाली. त्यानेही मान डोलावली.

वजन उतरू लागले तशी घरात कौतुकाला भरती आली. सासूबाई शेजारणींना सांगत, "रोज चालते हो माझी सून." दीर म्हणे, "वहिनी, पंखा लावू का? उडणार नाही ना?" ती आपलेच ड्रेस आत घेत बसे आणि खूश असे. मलाही बरे वाटे.

मग पोट दुखू लागले. जेवण झाले की कळ यायची, थेट पाठीपर्यंत जायची आणि थोड्या वेळाने ओसरायची. घरच्यांचे निदान तयारच होते: गॅस! आणि गॅसवर उपाय कोण? तर मी! रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, इथे पखालच औषध होऊन बसली. माझ्या उबेने तिला जरा आराम पडे, ती पुन्हा मशीनवर जाऊन बसे आणि मी खुंटीवर जळफळत लटके. तिचे पोट टरटरून फुगते, हे मला कळत होते. पण सांगू कशी? माझ्या तोंडाला बूच!

कळा थांबेनात, तेव्हा गल्लीतले डॉक्टर घरी आले. त्यांनी कुडत्यावरूनच पोट चाचपले आणि सरळ विचारले, "पोटाचं काही ऑपरेशन झालंय का आधी?"

सासूबाई दारातच उभ्या होत्या. सुनेने नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने आईकडे. "नाही," दोघे एकदमच म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी मला फुटून जावेसे वाटले. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. डॉक्टर पित्ताच्या गोळ्या देऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कोरड्या ओकाऱ्यांनी बेजार झाली. सासूबाईंनी घाईघाईने मला भरून तिच्या पोटावर ठेवले आणि मी नेहमीप्रमाणे गळले. "मेली ही पिशवी!" म्हणत त्यांनी ओले कुडते वर केले. पोट पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"सूनबाई, हे व्रण कसले गं?"

"आई, रागावू नका. वजनाचं ऑपरेशन केलंय मी."

"अगं, मग काल डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"तुम्ही होता ना तिथे."

सासूबाई खाटेच्या कडेवर बसल्या. मग एकदम ओरडल्या, "अरे, गाडी काढ!" दीर धावत आला. त्या दिवशी त्याला एकही विनोद सुचला नाही.

मोठ्या दवाखान्यात सगळा उलगडा झाला. वजन उतरले तशी पोटातली चरबी झडली आणि आतडे जोडलेल्या जागेपाशी फट पडली. त्या फटीत आतडे शिरून पिळले होते. एक तुकडा काळा पडला होता, तो कापून काढावा लागला. "हिला कालच आणलं असतं तर तो तुकडा बहुतेक वाचला असता," सर्जन म्हणाले. नवरा मला मांडीवर घेऊन बाकावर बसला होता. मी केव्हाच गार झाले होते.

ती घरी आली, पण पार खंगून. आता घास घास मोजून खाते. मशीनवर जरा बसली की थकते. एवढे सगळे कशासाठी, तर एका 'नाही'साठी! माझा संताप अजून निवलेला नाही.

परवा दिराने नवी पिशवी आणली, घट्ट बुचाची. सासूबाईंनी ती कपाटात टाकली. म्हणाल्या, "राहू दे ती. ही गळते म्हणून माझी सून आहे."

मला भरून आले. पण मित्रांनो, दर वेळी बूच सैल असेलच असे नाही. पोट पुन्हा पुन्हा दुखत असेल, तर आधी कोणती ऑपरेशने झाली आहेत ते डॉक्टरांना सगळे सांगा, मग दारात कोणीही उभे असो. मी फक्त ऊब देते. माझ्या भरवशावर राहू नका.