पेशी जमीन कशी पारखते

प्रेमराज नानांनी “ओढा!” म्हणताच केळीच्या बागेतल्या ओल्या मातीतून चादरीच्या दोरांना बांधलेल्या खुंट्या उपटून आल्या आणि चादरीखालची पोरं एकमेकांच्या अंगावर कोसळली.

“नाना, पेशी मेली!” आतून तेजस ओरडला.

“मेली नाही रे, गोळा झाली!” नाना आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत आले होते; आज पोरांहून तेच जास्त खुशीत होते. “चादर म्हणजे पेशीचं अंग. हे दोर तिचा आतला सांगाडा. दोर ताणून ती बाहेरची जागा ओढून पाहते. जागा भुसभुशीत निघाली, तर आक्रसून बसते. चला आता खळ्यात!”

खळ्याच्या कडक जमिनीत खुंट्या हलेनात. पोरं ओढत गेली, तसे दोर ताठ झाले आणि चादर मांडवासारखी पसरली. एकच आरडाओरडा झाला.

“पाहिलं? जागा टिकली, की पकड आणखी घट्ट होते! पण ओढल्याशिवाय पेशीला कळणार कसं?”

बांधावर रूपाली उभी होती. नणंद वारल्यावर धुळ्याची भाची, दिपमाला, सावद्याला तिच्याकडे आली होती.

“नाना, पोरगी काही मागत नाही, रुसत नाही. सगळ्याला ‘चालेल’. रमली नाही म्हणून दाजी आज तिला परत न्यायला येतात.” तिने डोळे पुसले आणि हाक मारली, “दिपू, चल, अंघोळ करून घे.”

“नही!”

रूपाली दचकली. दिपमालाने हातातला दोर सोडला नाही.

“आखो एक डाव!”

“पप्पा येतील आता.”

“येवू दे! मी नही येस!” दिपमाला धावत आली आणि मामीचा पदर धरून ओढू लागली. आईविना पोर; रूपालीचं मन विरघळलं. “बरं, खेळ” असं ती म्हणणार, इतक्यात नानांनी हळूच ‘नको’ अशी मान हलवली.

रूपालीने पाय रोवले.

“नाही म्हणजे नाही. आधी अंघोळ.”

दिपमाला रडली, पाय आपटले, पुन्हा पदर ओढला. मामी हलली नाही. मग ती तणतणत घरात गेली. चपला दोन दिशांना उडाल्या.

रूपालीने कावरीबावरी होऊन नानांकडे पाहिलं. “तिने ओढून पाहिलं, जागा टिकली,” नाना म्हणाले.

“वो मामी!” आतून फर्मान आलं. “पाणी थंडं शे!”

“आली व माय, आली!” म्हणत रूपाली धावतच सुटली.