डोळ्याला पाणी लावू नका

"आँख में पानी मत जाने दीजिए," ममताने पुन्हा एकदा म्हटलं आणि फोनवरचं रेकॉर्डिंग थांबवलं. तिचं डोकं कपाटात, लटकवलेल्या साड्यांमध्ये होतं आणि अंगावरून रजई होती. चांगला माईक घेण्याची ऐपत नव्हती. रायपूरजवळच्या बीरगावातल्या कारखान्यांची घरघर रजईत शिरलं की जरा दबायची. पंखाही बंद ठेवावा लागे, त्यामुळे ती घामानं निथळत होती.

ज्या लहानशा शाळेत ती हिंदी शिकवायची, ती बंद पडली होती. नवऱ्याचा, सुधाकरचा, कारखान्यातला ओव्हरटाइमही थांबला होता. गोल बाजारामागे यज्ञेश्वर नावाच्या माणसाचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. त्यानं तिचा आवाज ऐकून घरूनच नमुने पाठवायला सांगितलं. कितीतरी नमुने गेले, आणि शेवटी हे पहिलं काम आलं. नव्या रायपूरमधल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याला मोतीबिंदूच्या पेशंटांसाठी सूचना हव्या होत्या. पण यज्ञेश्वरनं रेकॉर्डिंग परत पाठवलं. "दीदी, आवाज़ अच्छी है, पर लगता है स्टेशन पे अनाउंसमेंट कर रही हो." दुपारपर्यंत जमलं नाही तर तो दुसरीला बोलावणार होता. मग पंडरीतल्या साड्यांच्या दुकानात विक्रीला उभं राहायचं, हे तिनं सकाळीच सुधाकरला सांगून टाकलं होतं.

सासरे श्यामराव दारातल्या खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होते. रेल्वेतून रिटायर झालेला, कमी बोलणारा माणूस. ते उठून आत आले.

"हे कोनाले सांगून राहिली तू?"

"पेशंटले, बाबा."

"पेशंट तं कपाटात नाही ना. मले सांग. माह्या डोयाचं आपरेशन झालं, तवा मले कोनी धड सांगतलंच नाही. लय भेव वाटत होतं."

पट्टी बांधलेले बाबा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते, ते ममताला आठवलं. ते घाबरलेत हे तेव्हा घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

तिनं रजईचं एक टोक वर केलं. श्यामराव रजईखाली शिरून कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसले. रेकॉर्डिंग सुरू करून, फोन दोघांच्या मध्ये धरून, त्यांच्या डोळ्यांकडे बघत तिनं सगळं पहिल्यापासून वाचलं. तिनं आवाज लावला नाही, नुसतं सांगितलं. ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. संपल्यावर म्हणाले, "आता समजलं."

दुपारी यज्ञेश्वरचा फोन आला. त्याला हेच हवं होतं, आणि रक्तदाबाच्या सूचनांचं कामही तिलाच द्यायचं होतं. फोन ठेवून ममता पंख्याखाली फरशीवर आडवी झाली आणि कितीतरी वेळ तशीच पडून राहिली. पंडरीच्या दुकानात नाही म्हणून सांगायचं काम सुधाकरनं आनंदानं केलं.

पुढं श्यामरावांचे डोळे तपासून घ्यायला ती त्यांना त्याच दवाखान्यात घेऊन गेली. बाकावर समोर हिरवी पट्टी बांधलेली एक म्हातारी एकटीच बसली होती. भिंतीवरच्या स्पीकरमधून ममताचा आवाज सुरू झाला. म्हातारीनं मान वर केली आणि आवाजाच्या दिशेनं प्रत्येक वाक्याला हळूच होकार देऊ लागली, "हव बेटी... हव."

श्यामरावांनी सुनेकडे पाहिलं आणि म्हातारीला काही सांगायला तोंड उघडलं. तिनं बोटानं त्यांना गप्प राहायची खूण केली.