छपराला कच्चा टाका

मित्रांनो, शिंप्याच्या नव्या घराचं छप्पर उडालं आणि पलीकडच्या मैदानात जाऊन पडलं.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आपण रीतसर सुरुवात करू.

मी एक जुना हातोडा आहे. माझा जन्म मारहाणीत झाला. तुम्ही जन्मलात तेव्हा तुम्हाला मऊ कापडात गुंडाळलं असेल. मला लालभडक होईपर्यंत भाजलं, मोठ्या घणानं ठोकलं आणि मी ओरडायला लागल्यावर पाण्यात बुडवलं. बाहेर काढून लोहाराने मला हातात तोललं, "बरा झालाय" म्हणाला आणि ढिगावर फेकून दिलं. बालपणाची माझी आठवण एवढीच आहे, पण गोड आहे.

पुढे मी लाकडी खोक्यांच्या कारखान्यात लागलो. तिथे दिवसभर खिळ्यांच्या डोक्यात मारायचं काम होतं. खिळ्यांचं आणि माझं वैर मुळीच नव्हतं. उलट इतक्या जवळून ओळखणारं त्यांना दुसरं कुणी नव्हतं. मग कारखान्यात यंत्र आलं आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला शिंप्याने उचललं.

शिंपी म्हणजे बारीक बोटांचा, हळू बोलणारा माणूस. त्याची बायको दवाखान्यात नर्स होती. लग्न होऊन बरेच दिवस झाले होते, पण नवराबायको अजून एका छपराखाली राहिले नव्हते. शिंपी दुकानात, कापडं बेतायच्या टेबलाखाली झोपायचा. नर्स भावाच्या खोलीवर राहायची. भाऊ ट्रक ड्रायव्हर. त्याची एक खोली, त्यात तो, त्याची बायको, त्यांची मुलं आणि वर ही बहीण. शिंप्याला तिथे जेवायला बोलावलं की तो ताट घेऊन दाराबाहेर बसायचा, कारण आत जागा फक्त ताटापुरती असायची.

शेवटी गावाबाहेर जमिनीचा एक तुकडा मिळाला. गवंडी काही मिळेना. शिंपी म्हणाला, "आपणच बांधू. कपडा काय आणि घर काय, माप चुकलं नाही की झालं."

नर्स म्हणाली, "बांधा. पण एक सांगून ठेवते. छप्पर टिकलं तरच मी येणार. दिवसभर मी मोडलेली माणसं बघते. घरी येऊन मोडलेलं घर बघायला माझ्या अंगात त्राण नसतं."

"आणि नाही टिकलं तर?"

"तर तुम्ही टेबलाखाली आणि मी भावाकडे. आहे तसंच."

हे ऐकून ड्रायव्हर दुसऱ्याच दिवशी मदतीला आला. बहिणीवर त्याचं प्रेम होतं. स्वतःच्या खोलीवर तर फारच होतं.

मित्रांनो, चांगला शिंपी चौकड्यांच्या शर्टावरून ओळखावा. खिशाची चौकडी अंगाच्या चौकडीला जुळली पाहिजे, एक रेघ इकडची तिकडे होता कामा नये. आमचा शिंपी चांगला होता. त्याने विटा तशाच लावल्या. सांध्यावर सांधा, त्यावर सांधा, खालपासून वरपर्यंत सरळ रेघ. खरं तर वरची वीट खालच्या सांध्यावर आडवी बसवायची असते, म्हणजे विटा एकमेकींना धरून ठेवतात. इथे कुणीच कुणाला धरलेलं नव्हतं. सगळ्या विटा आपापल्या रांगेत शिस्तीत उभ्या होत्या, शाळेच्या फोटोत मुली उभ्या राहाव्यात तशा.

"दाजी, हे काहीतरी चुकतंय," ड्रायव्हर म्हणाला.

"कुठे? दाखव. एक रेघ वाकडी दाखव."

रेघ वाकडी नव्हती. येणारेजाणारे थांबून कौतुक करत होते.

मग ड्रायव्हर वाळूचा ट्रक घेऊन आला आणि मागे घेताना भिंतीला टेकला. धडकला नाही, नुसता टेकला. भिंत वरपासून खालपर्यंत त्या सरळ रेघेत उसवली. दोन्ही बाजू क्षणभर उभ्या राहिल्या, जणू कुणी आधी पडायचं ते ठरवत होत्या. मग एक आत पडली आणि पाण्याच्या पिंपाचा चुरा झाला. दुसरी बाहेर पडली आणि ट्रकचा मागचा एक लाल डोळा फुटला.

ड्रायव्हर खाली उतरला. त्याने शिंप्याची कॉलर धरली. "भिंत बांधलीत की शिवलीत?"

"तू ठोकलीस!"

"मी टेकलो! टेकल्यावर पडते ती भिंत असते का?"

शिंप्याने त्याला मापाच्या टेपने मारलं. टेप कापडाची होती. ड्रायव्हरने मारायला शिंप्यालाच वापरलं, म्हणजे उचलून वाळूच्या ढिगावर आपटलं. शिंप्याने तोंडातली वाळू थुंकून त्याच्या पोटरीला चावा घेतला. बराच वेळ झटापट चालली. शेवटी दम लागल्यावर दोघांच्या एकदमच लक्षात आलं की उरलेल्या तीन भिंतीही चौकडी जुळवूनच बांधल्या आहेत.

त्या तिन्ही भिंती मी पाडल्या. माझ्यासारख्याने असं सांगू नये, पण इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

भिंती पुन्हा उभ्या राहू लागल्या. आता विटा आधी पाण्यात भिजवायच्या, सांधे मोडत थर चढवायचे, दर थराला दोरी लावायची, कोपऱ्यात दोन भिंतींच्या विटा एकमेकींत घालायच्या. काम सरळ होतं, पण मारामारी थांबली नव्हती. शिंप्याला बोटात टोपण घालून काम करायची सवय, सुई टोचू नये म्हणून घालतात ते. तो चौकटीचे खिळेही तेच घालून ठोकू लागला. खिळा आणि बोट यांतला फरक मला कुणी शिकवला नव्हता. टोपण बोटावरच चपटं झालं आणि नर्सला ते पकडीने कापून काढावं लागलं. पुढे एकदा माझं डोकं दांड्यावरून निसटलं आणि थेट ड्रायव्हरच्या गुडघ्यावर बसलं. डोकं माझं होतं, दुखलं त्याला. त्याने मला शिव्या दिल्या, पण दांड्यात पाचर मारून पुन्हा कामावरही घेतलं.

मग वासे चढले आणि त्यांवर पत्रे. आणि शिंप्याने प्रत्येक पत्र्याला चार कोपऱ्यांत चार खिळे मारून मला खाली ठेवलं.

"बाकीचे?" ड्रायव्हरने विचारलं.

"हा कच्चा टाका. उद्या ती बघून जाईल. कुठे सैल आहे, कुठे ओढतंय, कळेल. मग पक्कं करू."

"दाजी, तो पत्रा आहे. पँट नाही."

"ट्रायल घेतल्याशिवाय मी कुणालाही पक्कं शिवून दिलेलं नाही. आणि ही तर माझी बायको आहे."

यानंतर काहीही झालं नाही. जे झालं नाही ते असं.

दुपारी वारा सुटला. खिडक्यांना अजून दारं नव्हती, नुसती भोकं होती. वारा भोकांतून आत शिरला, चारी भिंतींना थोबाडीत देत फिरला आणि बाहेर पडायला त्याला वरचीच वाट दिसली. पहिला खिळा बटण तुटावं तसा उडाला. ड्रायव्हर मला घेऊन शिडीवर धावला. मी खिळे आत मारत होतो, वारा बाहेर काढत होता. त्याचे हात माझ्यापेक्षा जास्त होते. एक पत्रा सुटला आणि शेजारच्या झाडाचा शेंडा साफ कापून गेला. दुसऱ्याने ड्रायव्हरच्या पाठीत अशी चपराक दिली की आम्ही दोघं शिडीसकट वाळूत. शिंपी तिसऱ्या पत्र्यावर हातपाय पसरून पालथा पडला होता, त्याला खाली दाबून धरायला. पत्र्याने त्यालाही सोबत घेतलं.

नर्स ड्यूटी संपवून रस्त्याने येत होती. तिचा नवरा तिच्या डोक्यावरून गेला.

"अजून पक्कं केलेलं नाही!" तो वरून ओरडला.

आणि मैदानात आपटला. पत्रा दुमडून त्याच्या तळहातातून गेला. रक्त बाहीपर्यंत आलं.

तिने दुपट्ट्याने त्याचा हात आवळून बांधला, त्याला भावाच्या ट्रकमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. ड्रायव्हरने मला वाळूतून उचलून पट्ट्यात खोचलं होतं, म्हणून मी हे पाहू शकलो. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे होते, त्यांनी तिलाच टाके घालायला सांगितलं. तिने सुई घेतली.

"ताई, इथलं आटोपलं की चल घरी," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "या माणसाकडून घर होत नाही. मी... खोलीत पडदा लावतो मधे."

सुई आत गेली, बाहेर आली. शिंपी ओठ आवळून तिचा हात बघत होता. मग त्याने विचारलं, "हा कच्चा आहे ना?"

"आमच्याकडे कच्चा टाका नसतो," नर्स म्हणाली. "उघड्या जखमेला उद्या बघू म्हटलं, तर माणूस उद्यापर्यंत राहत नाही."

शिंपी म्हणाला, "तू बघावंस, म्हणून ठेवलं होतं."

"मला बघायचं नव्हतं हो. मला राहायचं होतं."

सकाळी ती स्वतः आली आणि तिने मला उचललं. मित्रांनो, मला खूप हातांनी धरलं आहे, पण इंजेक्शन देणाऱ्या हाताची गोष्ट वेगळी. जागा बघायची आणि एकदाच. आम्ही भिंतींचे वरचे थर फोडले. लोखंडी पट्ट्या खालच्या थरांत गाडल्या, वर आणून प्रत्येक वाशाच्या मानेवरून ओढल्या आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा भिंतीत पुरल्या. वासे आता भिंतीला जखडलेले कैदी होते. दुमडलेल्या पत्र्यांना मी बडवून बडवून सरळ केलं. त्यांचे चेहरे देवीचे वण पडल्यासारखे दिसू लागले, पण ते सरळ झाले. मग वाशाला खालून कवटाळणारे आकड्यांचे बोल्ट प्रत्येक पत्र्यातून घातले. शिंपी एका हाताने नट आवळत होता. एकही जागा त्याने उद्यावर ठेवली नाही.

सिमेंट वाळलं आणि वारा परत आला.

नर्स आपली पेटी घेऊन घरात जाऊन जमिनीवर बसली. "उडालं तर मी इथूनच भावाकडे जाईन," म्हणाली.

शिंपी शिडीकडे वळला.

"खाली बसा. शिवून झालंय ना? मग आता हात लावायचा नाही."

तो बसला. वारा भोकांतून घुसला. पत्रे किंचाळले. वाशांनी वर उसळी घेतली आणि पट्ट्यांनी त्यांच्या मानगुटीला धरून खाली आपटलं. पुन्हा उसळी, पुन्हा आपटणं. प्लास्टर नसलेल्या भिंतींतून धूळ उडाली. बाहेर ड्रायव्हर भिंतीला दोन्ही हातांनी धरून उभा होता आणि ओरडत होता, "धर गं बाई, धर! माझ्या लेकरांच्या खोलीचा प्रश्न आहे!" नवराबायको वर बघत बसले होते. शिंप्याचा टाके घातलेला हात नर्सने घट्ट धरला होता. त्याला दुखत असणार. त्याने तो सोडवून घेतला नाही.

वारा बराच वेळ हाणामारी करून, काही हाती न लागता निघून गेला.

नर्सने वर एकदा नीट पाहिलं. मग पेटी उघडली, उशी काढली आणि कोपऱ्यात ठेवली. उशी एकच होती. शिंपी म्हणाला त्याला चालेल, तो हाताची घडी डोक्याखाली घेईल. टाक्यांच्या हाताची घडी होत नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघं हसू लागले. मी त्यांना असं कधी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी दाराला अडणा होऊन पडून आहे. दांडा ढिला झालाय, डोक्यावर गंज चढतोय. मित्रांनो, हत्याराला अधूनमधून तेल द्यावं, पाचर बघावी, उन्हापावसात टाकू नये. आपल्या घरासाठी ज्याने आयुष्यभर मार खाल्ला आणि दिला, त्याची एवढी तरी विचारपूस करावी.

सबब, मालक व मालकीणबाई यांस विनंती की, सदर घरात उशीचे एक पद रिक्त असून, अर्जदार हातोडा याची आजवरची संपूर्ण सेवा ठोकाठोकीत गेलेली आहे. तरी उर्वरित सेवाकाळासाठी अर्जदाराची उक्त पदावर कायमस्वरूपी बदली करण्यात यावी. मालकांनी डोके टेकवताना ते सावकाश टेकवावे. कळावे.