शरयूचा बिल्ला

शेजारच्या सीटवर माणूस बसलाय की नाही, हे गाडीला कसं कळावं? डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत जगन्नाथ टिपणीसांनी या एका प्रश्नावर तीस वर्षं काढली. प्रश्न सुटला, जगन्नाथराव रिटायर झाले, आणि रिकामा माणूस दिसला की समाज जे करतो ते डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळानं केलं. त्यांना अध्यक्ष केलं.

अध्यक्षांनी मंडळातली सहा जोडपी गोळा केली आणि २००६च्या ऑगस्टमध्ये अलास्काच्या किनाऱ्यानं, हिमनद्यांच्या खाड्यांत शिरणाऱ्या एका छोट्या बोटीवर नेऊन बसवली. "तुम्ही फक्त बॅगा भरा, बाकी सगळं माझ्यावर सोडा," असं त्यांनी सांगितलं होतं. मंडळींनी सगळं सोडलं. त्यांची बायको शरयू हिनं तर लग्न झाल्यापासूनच सोडलेलं होतं.

या बोटीवर डान्स नव्हता, कॅसिनो नव्हता. रबरी होड्यांतून निर्जन किनाऱ्यावर उतरायचं, अस्वलांना त्रास न देता गोट्यांवरून चालायचं आणि परत यायचं. उतरायच्या दाराशी एक फळा होता. फळ्यावर प्रत्येकाच्या नंबरचा बिल्ला, एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं पांढरा. जाताना लाल करायचा, परत आल्यावर पांढरा. मोहिमेची प्रमुख डॅना हिनं पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "ज्याचा बिल्ला त्यानंच फिरवायचा. नवऱ्यानं बायकोचा नाही, बायकोनं नवऱ्याचा नाही." हे मराठीत सगळ्यांना समजावून सांगायचं काम अर्थातच अध्यक्षांनी केलं होतं. फार छान समजावलं होतं. उदाहरणांसकट.

चौथ्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्यावर असताना धुकं आलं. आलं म्हणजे समोरचा डोंगर कोणीतरी पुसून टाकला. डॅनानं घाईघाईनं सगळ्यांना होड्यांत बसवलं. बोटीच्या दाराशी ही गर्दी, बोटं गारठलेली, चष्मे धुरकटलेले.

"जगन्नाथराव, आमचेही फिरवा हो!" जिन्यावरूनच डॉक्टर कुमारांच्या रेखाताई ओरडल्या. "हातमोजे निघत नाहीयेत मेले."

जगन्नाथरावांनी फिरवले. सगळे बाराच्या बारा. आपली माणसं होती, एका नाही तर दोन होड्यांतून आली होती, त्यात काय एवढं!

वर हॉलमध्ये पुरुष एका टेबलावर बसले, बायका दुसऱ्या टेबलावर. ट्रॉयमधल्या कुठल्याही घरी जेवायला जा, बसायची रीत हीच. पुरुषांनी घरांच्या किमतींचा विषय काढला. खाली नांगराची साखळी खडखडत वर आली. बोट हलली. खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

जेवण आलं. जगन्नाथरावांनी सूपचा चमचा उचलला आणि त्यांचा डावा हात सवयीनं बाजूला पसरला, तळवा वर. ब्लडप्रेशरची गोळी त्या तळव्यावर रोज पडायची. कुठून पडते याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

हात रिकामाच राहिला.

"रेखाताई," ते वळून म्हणाले, "शरयूला म्हणावं, गोळी."

"अय्या, शरयूताई तुमच्याकडे नाहीत?" रेखाताई म्हणाल्या. "मला वाटलं, थंडी वाजतेय म्हणून तुम्ही खोलीत नेऊन झोपवलं असेल."

जगन्नाथराव खोलीत गेले. पलंगावर तिची शाल होती, घडी घातलेली. बाथरूम रिकामं. डेकवर गेले. तिथे वारा होता. त्यांनी "शरयू" अशी हाक मारली, पण ती हाक चारचौघांत मारायची तशी, सौम्य, आणि धुक्यानं ती गिळून टाकली. मग ते पळत सुटले.

फर्स्ट ऑफिसरनं फळा पाहिला. "तिचा बिल्ला पांढरा आहे. म्हणजे ती बोटीवर आली. किनाऱ्यावर उतरल्यावर काढून ठेवलेलं एकही लाइफ जॅकेट मागे उरलं नव्हतं."

"त्यांनी काढलंच नव्हतं," रेखाताई म्हणाल्या. "ऊब येते म्हणून घालूनच हिंडत होत्या."

ते कोणी ऐकलं नाही. बोटभर शोध सुरू झाला. स्वयंपाकघर, इंजिन, कपडे धुवायची खोली. मंडळाच्या बायका दारं ठोठावत होत्या. शेवटी ऑफिसर परत आला, आणि आता तो हळू बोलत होता.

"सर, ती बोटीवर आली आणि आता बोटीवर नाही, याचा अर्थ एकच होतो. आम्ही आलो त्या मार्गावर, पाण्यात शोधणार. सगळ्या होड्या तिकडे. हे पाणी माणसाला फार वेळ देत नाही." मग त्यानं विचारलं, "बिल्ला तिनंच फिरवला ना? तुम्ही पाहिलंत?"

मंडळ मागे उभं होतं. अध्यक्षांनी परवाच एका अमेरिकन म्हाताऱ्याला, बायकोचा बिल्ला फिरवताना पाहून, नियम म्हणजे नियम असं हसत हसत सुनावलं होतं. तो म्हाताराही उभा होता.

"फिरवला असेल," जगन्नाथराव म्हणाले. "तिनंच."

ऑफिसरनं मान हलवली आणि वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

रेखाताई जगन्नाथरावांकडे बघत होत्या. बोलल्या मात्र नाहीत. जिन्यावरून ओरडल्या होत्या त्या त्याच होत्या.

रिकाम्या सीटवर कोणी पिशवी ठेवली तर गाडीनं फसू नये, यासाठी जगन्नाथरावांनी एके काळी आठ महिने घातले होते. आत्ता ते सगळं एका क्षणात आठवलं.

"मी," ते म्हणाले. "मी फिरवला. सगळ्यांचे मीच फिरवले. तिला होडीतून उतरताना मी पाहिलं नाही. होडीत चढतानाही नाही. ती पाण्यात नाही. ती तिथेच आहे, किनाऱ्यावर."

डॅना वळून पळाली. "होड्या किनाऱ्याकडे! भरती चढतेय!"

बोट उलटी फिरली. भोंगा वाजत राहिला. तासाभरानं होड्या धुक्यात शिरल्या, इंजिनांचे आवाज लांब गेले, आणि मग तेही ऐकू येईनात. जगन्नाथराव दाराशी फळ्याजवळ उभे राहिले. डॉक्टर कुमार म्हणाले, "जगन्या, चेहरा लाल झालाय. बीपी बघू दे."

"नको."

"अरे, गोळी तरी घे."

"कुठे ठेवते ते मला माहीत नाही," जगन्नाथराव म्हणाले. डॉक्टरांनाही स्वतःची गोळी कुठे असते ते माहीत नव्हतं.

वॉकीटॉकी खरखरला. "मिळाली. खडकावर आहे. कमरेपर्यंत भिजलीय. शुद्धीवर आहे."

बायका रडू लागल्या. जगन्नाथराव तिथेच जिन्यावर बसले.

शरयूला दोघांनी धरून वर आणलं. ओठ निळे, दात वाजत होते. "लांब गेले होते," ती रेखाताईंना कुजबुजत म्हणाली, "त्या दगडांमागे. एवढी माणसं, आडोसा नको का? परत येऊन बघते तर कोणी नाही. तिथल्या धबधब्याच्या आवाजात माझी हाक कोणाला जाणार! एक अस्वल आलं होतं. बघून गेलं."

मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"कधी लक्षात आलं तुमच्या?"

मागे मंडळ होतं. 'लगेच' म्हणता आलं असतं. मंडळानं दुजोराही दिला असता.

"गोळीच्या वेळी," जगन्नाथराव म्हणाले.

शरयूनं कोटाची चेन उघडली, आतल्या खिशातून गोळ्यांची प्लास्टिकची डबी काढली आणि त्यांच्या तळव्यावर ठेवली. गोळी नाही, अख्खी डबी.

"निळी रात्रीची," ती म्हणाली. "पांढरी सकाळची."

आणि ब्लँकेट सावरत, डॅनाचा हात बाजूला सारून, ती फळ्याकडे गेली. तिचा बिल्ला पांढराच होता. तिनं तो आधी लाल केला. मग स्वतःच्या हातानं पांढरा.