बत्ताशाचं काय करायचं

दहाव्याच्या दिवशी उमेळ्याच्या तळ्याकाठी पिंड ठेवून अर्धा तास झाला, तरी कावळा शिवेना. एरवी वाडीत पापड वाळत घालायची सोय नाही, इतके कावळे. आज तेच समोरच्या आंब्यावर बसून नुसते बघत होते.

सुभद्राबाईंना त्याचं काही वाटलं नाही. नवरा गेल्यापासून त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. बायका गळ्यात पडून रडत, त्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत आणि मनात येई, केळीला पाणी सोडायचं राहिलं. आपला दगड झालाय, हे त्यांना कळत होतं. त्याचंही दुःख होत नव्हतं.

मुलगा धवल हात जोडून म्हणाला, “बाबा, वाडी बिल्डरला देणार नाही.” कावळे हलले नाहीत. “आईला नीट सांभाळीन.” तरी नाहीत. मग चुलत दीर रामनाथ पुढे झाले. “तुळशीदास, बांधाचा वाद मी सोडला.” रामनाथांच्या तोंडून हे ऐकून चारजणांच्या भुवया वर गेल्या, पण कावळ्यांना त्याचं कौतुक नव्हतं.

तुळशीदासांचा जीव कशात अडकलाय ते एकट्या सुभद्राबाईंना ठाऊक होतं, आणि नेमकं तेच चारचौघांत बोलता येत नव्हतं.

लेक हेमालीने एव्हरशाईन सिटीतल्या सासरच्या फ्लॅटमध्ये चार वर्षांच्या मुलीसाठी, रोशनीसाठी, एक पांढरा उंदीर पाळला होता. त्याचं नाव बत्तासा. सासूने थयथयाट केला तेव्हा पिंजरा माहेरी आला. जन्मभर वाडीतले उंदीर मारणारे तुळशीदास याला मात्र खांद्यावर बसवून चहा पीत. एकदा तो बोटाला चावला. टाचणी टोचावी एवढंच. दोन दिवसांत बरंही झालं. मग ताप चढला, सांधे धरले, तळहातांवर पुरळ उठलं. आळीत घरोघरी चिकुनगुन्या होता. हाही तोच, असं सगळे धरून चालले. पुढे मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “उंदीर वगैरे चावला होता का?” तुळशीदासांनी बायकोचा हात दाबला. “नाही,” सुभद्राबाई म्हणाल्या. डॉक्टर गेल्यावर ते पुटपुटले, “हेमूला कधी कळू देऊ नकोस. पोर जन्मभर स्वतःला खाईल.”

चार दिवसांनी न राहवून सुभद्राबाईंनी डॉक्टरांना एकटं गाठलं आणि खरं सांगितलं. इंजेक्शनं तिथल्या तिथे बदलली, पण तोवर जंतू हृदयाच्या झडपेत शिरले होते. “उंदराच्या तोंडातच असतात ते. त्याला स्वतःला काही होत नाही,” डॉक्टर म्हणाले. “लहान मुलांना लांब ठेवा.” घरच्यांना हृदयात इन्फेक्शन झालं एवढंच कळलं. बाकीचं सुभद्राबाईंनी गिळलं.

आता ऊन चढलं. भटजींनी कंटाळून दर्भाचा कावळा करायला घेतला, तेवढ्यात हेमाली रोशनीला कडेवर घेऊन पुढे आली.

“बाबा, बत्ताशाची काळजी करू नका. मी त्याला आजच घरी नेते. सासूबाईंनी कितीही आदळआपट केली तरी आता कुठे देणार नाही. रोशनीच्या खोलीतच ठेवीन.”

एक कावळा उतरला आणि त्याने भातात चोच घातली. मागोमाग आणखी दोन आले. सगळ्यांचे हात जोडले गेले. “सुटला बिचारा,” रामनाथ म्हणाले. हेमाली रडता रडता हसली. “बघ आई, एवढंच हवं होतं गं त्यांना.” रोशनीने टाळ्या पिटल्या आणि बत्तासा आपल्या घरी येणार म्हणून ती नाचायला लागली.

सुभद्राबाईंनी नातीच्या बोटांकडे पाहिलं. मग लेकीच्या तोंडाकडे. दहा दिवसांत पहिल्यांदा ते मोकळं झालं होतं. ते तसंच राहावं म्हणून एक माणूस गप्प राहून गेला होता. छातीत काही हलेल म्हणून त्या जरा थांबल्या. काही हललं नाही.

“हेमू, रोशनीला धवलकडे दे,” त्या म्हणाल्या. “आणि इथे बस माझ्याजवळ. बाबा कशाने गेले ते सांगते.”